झुल्माचं डबकं

लोस सेइबोस, ६ ऑगस्ट १९८९

प्रिय निबियाताई,

तुझा भाडेकरू हेबेर पोचला आणि अजून इथेच आहे. तू लिहिलं होतंस, आठवडाभर ठेवून घे, साधा माणूस आहे, डबक्यातले मासे बघेल, वही भरेल आणि परत येईल. कोणाच्या अध्यात ना मध्यात. महिना होत आला. वह्या भरल्या असाव्यात, कारण आता तो मागल्या पानावर लिहितो.

डबकं म्हणजे आपलं बुतियाच्या माडांतलं. पावसात भरणारं, उन्हाळ्यात सुकलं की जिथे गुरं लोळतात ते. त्यात निळे पट्टेवाले मासे असतात हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. आजोबा म्हणायचे, पावसाबरोबर आभाळातून पडतात. हेबेर म्हणतो, पडत नाहीत. म्हणजे आजोबा खोटे.

झुल्मा रोज त्याच्याबरोबर जाते. गुडघे दुखतात म्हणून हिवाळ्यात कोंबड्यांच्या खुराड्यापलीकडे न जाणारी माझी बायको सकाळी माझे रबरी बूट घालून निघते. मला बूट लागले तर मी काय घालायचं, असं विचारलं तर म्हणाली, "तू घोड्यावर असतोस ना?"

परवा जेवताना मी म्हटलं, "बोटाएवढे मासे. तळायला गेलं तर तेल वाया." हेबेर हसला. झुल्मा म्हणाली, "तुला प्रत्येक गोष्ट तळायचीच असते." मग त्यानं मक्याच्या पोलेंताच्या ताटात काट्यानं खळगा केला आणि दाखवलं, की नर आणि मादी अंगाला अंग लावून चिखलात पार आत शिरतात, तिथे अंडं टाकतात आणि मग वर येतात.

"किती वेळ असतात आत?" झुल्मानं विचारलं.

माझ्या टेबलावर, ताई!

मला काही वाटत नाही. तुला कळवावं म्हणून लिहिलं.

तुझा,
विल्मार

मोन्तेविदेओ, १७ ऑगस्ट १९८९

गाढवा,

तुझं पत्र वाचून एवढी हसले, की शेजारीण भिंतीवर ठोकायला लागली. हेबेर! अरे, त्या माणसाला स्वतःचा चष्मा स्वतःच्या कपाळावर सापडत नाही. डोक्यावर केस नाहीत, पायांत मोज्यांची जोडी नाही. तो चिखलात शिरण्याचं व्याख्यान माझ्याही टेबलावर देतो, दर दोन दिवसांनी, आणि तेही मॅश केलेल्या बटाट्यात. मी काय त्यामुळे पळून गेले?

मागच्या खोलीत त्यानं काचेच्या पेट्या मांडल्या आहेत. भिंतीला ओल आली. दुसरी कोणी घरमालकीण असती तर सामान रस्त्यावर ठेवलं असतं. मी म्हणते, राहू दे बापडा. हे गेल्यापासून घरात कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं.

झुल्माला एवढं सांग. त्याला माटेचा काढा साखर घालून लागतो, पण फार घालू देऊ नको, दात कामातून गेलेत. आणि पाण्यात उभं राहून त्याची छाती भरते. तपकिरी स्वेटर त्याच्या पिशवीत आहे, तो घालायला लावा. मीच विणला. लोकर उरली होती, फुकट जाण्यापेक्षा बरं.

परत कधी येणार म्हणाला का? खोलीला रंग द्यायचा विचार आहे, म्हणून विचारते.

निबिया

लोस सेइबोस, १० सप्टेंबर १९८९

प्रिय ताई,

परत येण्याचं नाव नाही. तू हसलीस, हरकत नाही. आता पुढचं ऐक आणि मग हस.

पहिली गोष्ट. आल्या आल्या तो 'झुल्माबाई' म्हणायचा. आता नुसतं 'झुल्मा' म्हणतो. मी अजून 'दोन विल्मार', म्हणजे विल्मारसाहेबच आहे.

दुसरी. त्यानं तिला रंगीत पेन्सिली दिल्या. ती मासे काढते. मी वाईट म्हणत नाही, चांगले काढते, मादीच्या अंगावरचे ठिपकेसुद्धा. पण ते चित्र तिनं चुलीवर टांगलं, आणि तिथे जे कॅलेंडर होतं, प्रदर्शनात पहिल्या आलेल्या वळूचं, ते काढून मला म्हणाली, "गोठ्यात लाव. तिथे त्याला ओळखणारे आहेत."

तिसरी. बुतिया घालून मुरवलेली दारू. मी मागितली की सणाला. त्याला सर्दी झाली तर लगेच बाटली बाहेर.

चौथी. ती हसते. तुला माहीत आहे, पुढचा दात गेल्यापासून ती तोंडावर हात धरून हसायची. परवा मी माडांच्या आडून पाहिलं. हात पाण्यात, जाळी धरलेली, आणि तोंड उघडं. त्यानं काय सांगितलं कोण जाणे. माझ्यापर्यंत फक्त हसू आलं.

संध्याकाळी विचारलं, "एवढं काय बोलता?"

"मासे."

"माशांबद्दल एवढं काय बोलायचं?"

"तो मला विचारतो, आज काय दिसलं. मी सांगते. तो लिहून घेतो."



तुझा तपकिरी स्वेटर मिळाला. म्हणजे आहे. पण तो घालत नाही, झुल्मा घालते. डबक्यावर वारा फार असतो म्हणून त्यानंच काढून दिला.

विल्मार

मोन्तेविदेओ, १९ सप्टेंबर १९८९

विल्मार,

तपकिरी म्हणजे कुठला? गळ्याशी वेणीची वीण असलेला? नीट बघ. त्याच्याकडे अजून एक काळपट जुना आहे, तो असेल. वेणीचाच असेल तर मला कळव. नाही, नको कळवूस. कोणी कुठला स्वेटर कोणाला द्यावा हा ज्याचा त्याचा प्रश्न. एवढंच, की ती वीण विणायला सबंध मार्च गेला. लोकर उरलेली होती तरीसुद्धा.

मी आधी हसले. आता मला वाटतं, तू फार सहन करतोस. झुल्मा वाईट नाही, पण ऐकून घेणारा माणूस भेटला की बायका भान विसरतात. मी पाहिलंय. तिला गप्पा मारायला तुझ्या घरातला माणूस का पुरत नाही? आणि हेबेरचंही म्हणते मी. प्रयोगशाळा इथे, पेट्या इथे, आणि साहेब तिकडे दारू पीत बसलेत.

जमीन तुझी, डबकं तुझं. पूर्वेच्या अंगाला बाबांनी चर काढला होता, आठवतो? बुजला असेल. एका दुपारचं फावड्याचं काम. पाणी ओढ्याला लाव. पाणी गेलं की मासे गेले, मासे गेले की माणूस आपल्या घरी जाईल. कोणाला एक वाईट शब्द बोलायला नको.

मी सांगितलं म्हणून सांगू नकोस.

निबिया

लोस सेइबोस, ९ ऑक्टोबर १९८९

ताई,

केलं. ती दोघं लास्कानोला काचेच्या बरण्या आणायला गेली होती, तेव्हा चर उघडला. बाबांनी उतार चांगला काढला होता. पाणी असं गेलं, जसं वाटच बघत होतं. शेवटी चिखल उरला, आणि चिखलात ते निळे तडफडताना दिसले. बगळे आले. कुठून कळतं त्यांना? मी घोड्यावर बसून निघून आलो. बघवलं नाही, खरं सांगतो.

झुल्मा आली, काठावर उभी राहिली.

"रिकामं केलंस?"

"कुरणात पाणी शिरत होतं."

"बरं."

एवढंच. ओरडली असती तर मी दोन शब्द बोललो असतो.

आणि तुझा हेबेर! मला वाटलं आता भांडेल. मी तयारच होतो, बेल्ट घट्ट करून. तो चिखलात उकिडवा बसला, मूठभर उचलून वास घेतला, आणि मला म्हणाला, "दोन विल्मार, जुलैपासून अंडी घालताहेत ते. ख्रिसमसपर्यंत उन्हानं हे सुकणारच होतं. अंडी चिखलात सुरक्षित आहेत, पुढल्या पावसाला फुटतील. मला कोरडा चिखल हवाच होता. आभारी आहे."

त्यानं माझे आभार मानले, ताई. माणसाचा एवढा अपमान कोणी केला नसेल.

आता मुख्य गोष्ट. काल सकाळच्या बसनं झुल्मा गेली. कास्तियोसला, मावशीकडे म्हणाली. पाच वर्षांत मावशीची आठवण आली नव्हती. त्याच बसनं तोही गेला. मी रस्त्यापर्यंत गेलो होतो. तिनं खिडकीतून हात केला, तोंडावर न धरता.

तो तुझ्याकडे पोचला का? उलट टपाली लिही. पोचला असेल तर मी मूर्ख, आणि मला मूर्ख व्हायला आवडेल.

विल्मार

मोन्तेविदेओ, १४ ऑक्टोबर १९८९

विल्मार,

पोचला नाही.

अंथरूण मी घातलं तसंच आहे. युनिव्हर्सिटीत जाऊन विचारलं. तिथली मुलगी च्युइंगगम चघळत म्हणाली, "सर फील्डवर आहेत." कुठल्या फील्डवर? "दक्षिण-पूर्वेला." दक्षिण-पूर्वेला कास्तियोस येतं ना रे?

तू तिला जाऊ कसं दिलंस? बस निघेपर्यंत रस्त्यावर उभा राहिलास आणि टोपीही हलवली असशील! तिच्या जागी मी असते तर मलाही वाटलं असतं, याला काही पडलेली नाही. पहिल्यापासून ती तशीच. तुमच्या लग्नात सगळ्यांशी नाचली आणि प्रत्येकाला वाटलं, आपल्याशीच नाचली. मी तेव्हाच आईला म्हटलं होतं.

मी त्याच्या पेट्यांना पाणी घालत नाही आता. मरू देत.

(संध्याकाळी) घातलं. माशांचा काय दोष?

तुझ्याकडे काही कळलं तर कळव. काहीही कळलं तरी.

निबिया

मोन्तेविदेओ, २६ ऑक्टोबर १९८९

विल्मार,

आला. गुडघ्यापर्यंत चिखल, दोन्ही हातांत खोकी, खोक्यांत अजून चिखल. तो चिखल पिशव्यांत भरून आता माझ्या चादरींच्या कपाटात ठेवलाय, कारण तिथे ऊब सारखी असते. मी हो म्हटलं.

मावशी खरी आहे. ऐंशीची आहे. दोघांना एकटं सोडायला तयार नव्हती म्हणून रोज त्यांच्याबरोबर माळावर गेली. खुर्ची आणि छत्री हेबेरनं वाहिली. झुल्मानं त्याच जातीच्या माशांची आणखी तीन डबकी शोधून दिली. मावशी काठावर बसून जपमाळ ओढत होती. हे त्यानं स्वतः सांगितलं, हसत, आणि त्याला खोटं बोलता येत नाही. तेव्हा तू निवांत झोप.

मला विचारशील तर, मी निवांत नाही. सूप वाढलं तर "झुल्मा यात रताळं घालते." खिडकी उघडली तर "झुल्मा म्हणते, वारा उत्तरेचा आला की मासे वर येतात." मोन्तेविदेओच्या खिडकीत कुठले मासे?

स्वेटर परत आला. तुझ्या बायकोनं धुऊन पाठवला, उकळत्या पाण्यात. आता तो लहान मुलाला होईल. ज्या बाईला माशाच्या अंगावरचे ठिपके दिसतात, तिला लोकर कशी धुवायची ते कळत नाही?

निबिया

लोस सेइबोस, २ जानेवारी १९९०

प्रिय ताई,

नवं वर्ष सुखाचं जावो. इथे पाऊस नाही, गवत पिवळं पडलंय.

झुल्मा घरी आहे. स्वयंपाक करते, कपडे धुते, विचारलं तर उत्तर देते. हसणं बंद. दिवस कलला की डबक्याच्या जागी जाऊन उभी राहते. तिथे भेगाळलेल्या मातीशिवाय काही नाही. नुसती खाली बघते, कोणी झोपलंय आणि उठवायचं नाही अशी.

मावशीनं कोणाकडून तरी लिहून घेऊन मला पत्र पाठवलं. त्यात एकच ओळ होती, "तिच्याशी तुझ्यापेक्षा माझी छत्री जास्त बोलली."

मला लाज वाटते, ताई. चर उघडला तेव्हा मला वाटलं होतं मी त्या माणसाचं काही घेतोय. घेतलं ते तिचं. त्याला परत जायला शहर आहे, तिला काय आहे? मी आहे. आणि मी कसा आहे ते तिनं त्या दिवशी काठावरून पाहिलं. ती पुन्हा त्या बसमध्ये बसली, तर या वेळी मावशीकडे जाणार नाही असं मला वाटतं.

म्हणून मी ठरवलंय. भातशेतीवाल्यांचं खोदायचं मशीन येत्या शनिवारनंतरच्या शनिवारी मोकळं आहे. डबकं दोन पुरुष खोल खणतो. त्यांच्या कालव्यातून पाणी घेतो, बोलणं झालंय. बारमाही तळं! मग मासे उन्हाळ्यात मरायलाच नकोत. त्याच दिवशी तिचा वाढदिवस. तिला काही सांगितलेलं नाही, तूही हेबेरला सांगू नकोस. त्यानं पेन्सिली दिल्या. पाणी मी देणार.

मी असं काही सुचवेन असं तुला वाटलं होतं का?

विल्मार

मोन्तेविदेओ, १२ जानेवारी १९९०

विल्मार,

हे पत्र तुला उशिरा मिळेल, म्हणून तिकडे लास्कानोच्या बाजूला जो रेडिओ लागतो त्यावर दुपारच्या निरोपांत निरोप दिला आहे. उद्या वाचतील. तू ऐकत नसलास तरी सगळा परिसर ऐकतो, कोणीतरी सांगेलच. देवा, मशीन येण्याआधी वाचू दे.

खणू नकोस. चिखल वाळला नाही तर ती अंडी फुटत नाहीत, कुजतात. आणि पाणी बारमाही झालं की कालव्यातून मोठे मासे येतात, उरलेले गिळतात. हेबेरनं माझ्या टेबलावर हे इतक्यांदा सांगितलंय, की मला झोपेतही म्हणता येईल.

हो, म्हणजे सप्टेंबरमध्येही मला माहीत होतं. पाणी सोडल्यानं त्या अंड्यांना काही होणार नाही हे ठाऊक होतं म्हणूनच चर उघड म्हटलं. तुझा राग निघेल, त्याचं फार नुकसान होणार नाही, आणि तो घरी येईल. असा हिशेब होता.

आता तुझं हे पत्र. मंगळवारी आलं, आज शुक्रवार. मधले दिवस ते साखरेच्या डब्याखाली होतं. खणू दे, असं मनात आलं. मासे संपले की त्याला तिकडे जायचं कारण संपलं, आणि माझा हात कुठेच लागला नाही. सगळं तुझ्याच प्रेमानं झालं असतं. तुला हे कळेल विल्मार, दुसऱ्या कोणाला कळणार नाही.

आज सकाळी तो पावाला लोणी लावत म्हणाला, "मे महिन्यात पाऊस पडला, की पहिलं पिल्लू झुल्माला दिसेल." मला उठून त्याच्या हातातला पाव काढून घ्यावासा वाटला. त्याऐवजी पिशवी उचलली आणि टेलिफोन ऑफिसात गेले. रांग होती. रेडिओवाल्याला दोनदा सांगावं लागलं. त्याला वाटलं मी कोंबडीबद्दल बोलतेय. शेवटी विचारलं, कोणाकडून? सांगितलं. लाइन खराब होती.

हे पत्र वाचलंस की चुलीत टाक.

निबिया

लोस सेइबोस, २० जानेवारी १९९०

प्रिय निबियाताई,

हे विल्मारचं नाही, माझं पत्र आहे. विल्मार पत्र वाचतो ते गोठ्यात बसून, मोठ्यानं, बोट फिरवत. ऑगस्टपासून तुझी सगळी पत्रं मी आणि गाई ऐकत आलो आहोत. तेव्हा चुलीत टाकायची घाई नव्हती.

गेल्या शनिवारी मशीन आलं. मला काही माहीत नव्हतं. मी स्वयंपाकघरात पीचचा मुरांबा ढवळत होते, रेडिओ चालू होता. आधी कोणाचा तरी दवाखान्यातून निरोप, मग कोणाची घोडी सापडली, आणि मग, "लोस सेइबोसच्या विल्मार तेचेराला: डबकं खणू नकोस. अंडी वाळल्याशिवाय फुटत नाहीत. तू झुल्माचे मासे मारशील." मी खिडकीतून पाहिलं. मशीनवाल्यानंही आपल्या केबिनमध्ये तेच ऐकलं होतं. त्यानं इंजिन बंद केलं आणि ओरडला, "दोन विल्मार, कोणाची अंडी?" विल्मार माडांखाली उभा. हातात टोपी, कान लाल.

मी बाहेर जाणारच होते, तेवढ्यात शेवटचं वाक्य आलं. "निबिया आणि हेबेर यांच्याकडून."

विल्मार धावत आत आला. "ऐकलंस? ताई आणि हेबेर! अगं, ताई आणि हेबेर!" मला उचलायला गेला, पाठ लचकली. त्या दिवसापासून तो वेगळाच माणूस आहे. मशीन परत पाठवलं. चर स्वतः बुजवला. चुलीवर माझ्या चित्राशेजारी वळू परत आला आहे, मी चालवून घेतलं. संध्याकाळी माझ्याबरोबर डबक्याच्या जागी येतो, आणि काल म्हणाला, "आज काय दिसलं?" मी म्हटलं, "माती." म्हणाला, "कशी माती?" मी सांगितली. अर्धवट ऐकली, पण ऐकली. दुकानातली कोका विचारत होती, तुमचं दोघांचं लग्न कधी. विल्मार म्हणाला, "पावसाळ्यानंतर." मी कोणाचंच खोडून काढलं नाही.

कोणाकडून म्हणून तू रेडिओवाल्याला नेमकं काय सांगितलंस, ते तुझ्या पत्रात नाही. लाइन खराब होती एवढंच आहे. मला सांगू नकोस. हेबेरला मात्र कळेल, इथे मे महिन्यात पाय ठेवल्या ठेवल्या कोकाच अभिनंदन करेल. त्याआधी तूच सांगितलेलं बरं.

विल्मारला जे वाटत होतं ते काही झालं नाही. हेबेरनं कधी माझ्या हातालाही हात लावला नाही, आणि लावावा असं त्याच्या मनातही आलं नाही. मला खात्री आहे. मी बघत होते ना.

स्वेटरचं म्हणशील, तर लोकर कशी धुवायची ते मला येतं.

मशीनवाला हसत होता, विल्मार मला फेर धरून नाचवायला बघत होता, आणि माझ्या हातातला चमचा थांबला होता. तुमची दोन नावं एकापाठोपाठ कशी वाटतात ते मनात म्हणून बघत होते. वास आला तेव्हा उशीर झाला होता. मुरांबा तळाला लागला. माझ्या हातून कधी लागत नाही.

एक बरणी पाठवते आहे. जरा करपट लागेल. दोघांनी मिळून खा.

झुल्मा